समोरच्या खिडकीतला लाल दिवा

६ जानेवारी

समोरच्या डोरीनच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदलला. जुना खिडकीपाशी धरून पाहिला, उजेड आरपार येईना. रिकाम्या घरात एवढी धूळ येते कुठून? माणसं तिकडे ॲरिझोनात ऊन खात बसलीत आणि त्यांची धूळ इथे मी झेलते.

नवा घालताना त्यावरचा बाण भट्टीकडे हवा. तिच्या नवऱ्याने, ऑर्व्हलने, एकदा उलटा घातला होता आणि हिवाळाभर 'भट्टी म्हातारी झाली' म्हणून कुरकुरत होता. म्हातारं कोण झालं होतं ते डोरीनला आणि मला बरोबर माहीत होतं.

जाताना त्याने नेहमीचा उद्योग करून ठेवलाच होता – मागच्या खोल्यांतल्या गरम हवेच्या जमिनीवरच्या जाळ्या बंद! गॅस वाचतो म्हणे. सगळ्या उघडल्या. गरम हवेला वाट मिळाली नाही की भट्टी आतल्या आत तापते आणि रुसून बसते. ग्लेन दर ऑक्टोबरात येऊन आमच्या दोन्ही घरांच्या भट्ट्या खोलून पुसून जातो, त्याने हे ऑर्व्हलला किती वेळा सांगितलं असेल! मला मात्र तो म्हणतो, "वर्षातला एक दिवस माझा व्हर्ना, बाकीचे सगळे तुझे."

आज आमच्या जुन्या पंचांगाच्या नाताळची आदली संध्याकाळ. एकटीसाठी रीतीचे बारा पदार्थ कोण रांधतं? बिटाचं सूप, मासा आणि गव्हाची खसखस-मधाची खीर केली, बस. जास्तीचं ताट मात्र मांडलं. जो टेबलाशी नाही त्याच्यासाठी मांडायचंच असतं. माझा नवरा नेस्टर जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

जेवताना समोर डोरीनची खिडकी. त्यातला दिवा बंद, म्हणजे घर उबदार आहे. हिवाळ्यात दक्षिणेला पळणारा जो तो खिडकीत असा दिवा ठेवून जातो. घर गारठलं की तो आपोआप लाल लागतो. आणि मागे उरलेले आम्ही तो लागत नाही ना, हे बघत बसतो.

११ जानेवारी

रविवार. डोरीनचा फोन. "अगं, इथे म्हातारे अर्ध्या चड्ड्या घालून गोल्फ खेळतात. आमचासुद्धा. मी डोळे मिटून घेते."

म्हटलं, "इतकी वर्षं उघडे ठेवून काय मिळालं?"

हसून हसून तिला ठसका लागला. मग म्हणाली, टोमॅटोचं बी मागवून ठेव, आल्या आल्या पेरू. भट्टीचं विचारलं. सांगितलं, तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी चालते.

मग लारिसाचा. कॅल्गरीत फार थंडी नाही म्हणाली. लेकीला माझ्याशी बोलायला विषय सापडत नाही, मग काहीही विचारते. आज काय, तर डोरीनमावशीच्या तळघरात ओल येते का! म्हटलं, बाई, तुझं सगळं बालपण त्या तळघरात गेलं, तुला ठाऊक. तर म्हणे, सहज विचारलं.

असू दे. बोलते हेच पुष्कळ. तिच्या नव्या फ्लॅटचे पडदे मी न विचारता बदलले, तेव्हा महिनोन्‌महिने फोन नव्हता. पडदे चांगले होते. अजूनही म्हणते, चांगले होते.

१५ जानेवारी

उणे अडतीस. नाकातले केस कडकड वाजतात.

डोरीनच्या मागच्या भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर येतात – एकातून भट्टी श्वास घेते, दुसऱ्यातून सोडते. आज श्वास घेणाऱ्याला बर्फाची दाढी आली होती. झाडूच्या दांड्याने हळूहळू पाडली. गरम पाणी ओतायचं नाही, ते तिथेच गोठतं. शेजारचा वॉल्टर ओतायला गेला होता एका वर्षी, पाइपाचं बूच करून ठेवलं.

मग आत. बेसिनखालच्या कपाटांची दारं उघडी टाकली, म्हणजे नळाच्या पाइपांना ऊब लागते. त्या घरात पाणी तोडता येत नाही हीच कटकट. मुख्य नळाची चावी इतकी गंजलीय की फिरवली तर हातात येईल. ऑर्व्हल म्हणतो, 'पुढच्या वर्षी बदलू.' नेस्टर होता तेव्हापासून पुढचं वर्ष चाललंय. म्हणजे भट्टी थांबली की पाइप फुटले, आणि पाइप फुटले की घर गेलं.

भट्टीचं झाकण काढून ज्योत पाहिली. निळी, सरळ. पिवळी होऊन नाचायला लागली तर हात लावायचा नाही, बंद करून ग्लेनला बोलवायचं. भट्टीतलं पाणी जायची नळी मोकळी आहे. मग त्या गरम तळघरात पायरीवर बसून राहिले. कुणाचं तरी घर आपल्या जिवावर चाललंय, याचं बरं वाटतं. इथे लिहायला काय हरकत आहे.

२२ जानेवारी

अक्षर नीट येत नाही.

आज चर्चच्या हॉलमध्ये पेरोगी करायला बसलो होतो, लेंटच्या उपवासातल्या विक्रीसाठी. नेहमीचं लांब टेबल, बटाटा आणि चीजचं सारण, आम्ही दोन्ही बाजूंनी बसून कडा चिमटतोय. माझ्या डावीकडची खुर्ची डोरीनची. हिवाळ्यात ती रिकामीच असते, माझी पर्स तिथे असते.

सँड्रा आली आणि पर्स उचलून बसली. "बसते गं. आता ती काही यायची नाही."

मी म्हटलं, "एप्रिलमध्ये येईल की."

सगळ्यांची बोटं थांबली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पॉलिनने, तिच्या नवऱ्याचा घरं विकायचा धंदा, पिठाकडे बघत विचारलं, "व्हर्ना... तुला सांगितलं नाही तिने?"

"काय?"

"घर विकलं ना त्यांनी. ऑक्टोबरातच ठरलं. कागदांचं चाललंय, ताबा एप्रिलमध्ये."

"कुणाला?"

"अल्बर्टा प्रांतातलं कुणीतरी. नाव नवऱ्याने मलासुद्धा सांगितलेलं नाही, देवाशपथ. अगं, आम्ही धरूनच चाललो की तुला माहीत असेल. तुझ्याशिवाय तिचं पान हलत नाही!"

टिली म्हातारी म्हणाली, "बायांनो, पीठ वाळतंय." मग सगळ्याजणी भराभर चिमटायला लागल्या. माझ्याकडे कुणी पाहीना. ते सर्वांत वाईट. सगळ्या गावाला माहीत होतं, एक मी सोडून! आणि त्या घराची किल्ली माझ्या खिशात.

माझ्या सगळ्या पेरोगी उकळत्या पाण्यात फुटल्या. टिलीने काढून बाजूला ठेवल्या.

२३ जानेवारी

ऑक्टोबरात ठरलं. म्हणजे जायच्या आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून केक खाल्ला तेव्हा ठरलेलं होतं. केक मागून घेतला दुसऱ्यांदा.

आणि तेव्हाच मला दिलेलं तिचं मोठं निळं वाडगं. "ठेव गं तुझ्याकडे, मला आता जड होतं." मी म्हटलं, किती जीव लावते! ती आवराआवर करत होती.

२५ जानेवारी

आज तिचा फोन येणार म्हणून सकाळपासून तोंडात वाक्यं घोळवत होते. आल्यावर एकही बोलले नाही. म्हटलं, संधी देऊ. तीच सांगेल.

ती संत्र्यांबद्दल बोलली. मग ऑर्व्हलच्या गुडघ्याबद्दल.

शेवटी मी विचारलं, "डोरीन, टोमॅटो यंदा कुठे लावायचे गं?"

थांबली. मी ऐकलं तिचं थांबणं. मग म्हणाली, "हे काय विचारणं झालं? नेहमीच्याच जागी!" आणि लगेच, "व्हर्ना, भट्टीकडे लक्ष ठेव हं. यंदा जास्तच."

यंदा जास्तच. गिऱ्हाईक लागलंय ना! फोन ठेवला तेव्हा माझ्या हातात बियांची पाकिटं होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

लारिसा म्हणाली, "आवाज असा का येतोय?" सांगितलं तिला सगळं. वाटलं होतं चिडेल माझ्या बाजूने. तर म्हणे, "तिची काहीतरी अडचण असेल, आई." पोटच्या पोरीने माझी बाजू घेऊ नये!

२९ जानेवारी

गेले. जाणार नव्हते, पण वारा उत्तरेचा होता आणि पाइप उत्तरेला आहेत. भट्टीचा काय दोष? तिने मला काही खोटं सांगितलेलं नाही.

फिल्टर बरा आहे. दाढी पाडली. मग घरभर फिरले, इतकी वर्षं जे कधी केलं नाही ते. कपाटं उघडून पाहिली. चांगल्या बश्या नाहीत. शिवणयंत्र नाही. मला कशी दिसली नाहीत ही रिकामी कपाटं? मी तळघरात उतरायचे, भट्टी बघायचे आणि परत. माझी जागा तेवढीच.

१ फेब्रुवारी

फोन वाजला. वाजू दिला.

८ फेब्रुवारी

पुन्हा. तीनदा. उचलला नाही. तिसऱ्यांदा मशीनवर बोलली, "व्हर्ना, अगं उचल ना. मला बोलायचंय तुझ्याशी, पण माझ्या हातात नाही गं सगळं." तुझ्या हातात नाही तर कुणाच्या, ऑर्व्हलच्या? त्याला फिल्टर सरळ घालता येत नाही! निरोप पुसून टाकला.

लारिसाने विचारलं, मावशीचा फोन का घेत नाहीस. म्हणजे डोरीनने तिच्याकडेही रडगाणं गायलं. दोघींचं चांगलं जमतं.

१२ फेब्रुवारी

आज पॉलिन दारात. आत ये म्हटलं नाही, तरी आली. आधी हवा, मग तिच्या सुनेचं बाळ, मग मुद्दा.

"नवे मालक विचारत होते, एप्रिलपर्यंत भट्टी बघायला कुणी आहे ना."

"मग?"

"मग डोरीन म्हणाली, व्हर्ना आहे. ती कुठे जातेय!"

पॉलिनला त्यात काही वाटलं नाही. कॉफी संपवून, गालाला गाल लावून गेली.

ती कुठे जातेय. खरंय. मला ना ॲरिझोना, ना अल्बर्टा. मला काय, घरासोबत विकलं? चूल, फ्रिज, कपडे धुवायचं यंत्र आणि समोरची म्हातारी – सामानासह! माझ्या नवऱ्याच्या दफनाला जिने माझा हात धरला, तिने हे म्हणावं. जिच्यासाठी मी उणे चाळीसमध्ये झाडू घेऊन गुडघाभर बर्फात उभी राहते, तिने. गरज सरो, वैद्य मरो, असं ऐकलं होतं. इथे गरज सरायच्या आधीच वैद्याला मारलं. आणि वर औषध चालूच ठेव म्हणतात.

किल्ली चहाच्या डब्यात टाकून दिली. आता ज्याचं घर त्याने बघावं.

१५ फेब्रुवारी

गेले नाही. खिडकीतून त्या घराकडे बघत दोन वेळा कोट चढवला, दोन वेळा उतरवला.

१८ फेब्रुवारी

वादळ. सकाळपासून रस्ता दिसत नाही. वारा उत्तरेचा.

माझे स्वतःचे पाइप दोनदा मोकळे केले. दारापासून भिंतीला हात लावत लावत गेले. तिचेही भरत असणार. भरू देत.

नेस्टर असता तर म्हणाला असता, "व्हर्ना, राग माणसावर काढावा, घरावर नाही." नेस्टरला बोलायला काय जातं? त्याला कुणी फसवलं नाही. मी तर नाहीच.

२० फेब्रुवारी

वादळ सरलं. आकाश काचेसारखं आणि थंडी अशी की झाडं तडकण्याचे आवाज येतायत.

चार वाजता चहा घेऊन बसले आणि समोर दिवा लागलेला. लाल.

इतकी वर्षं मी त्या दिव्याची वाट पाहिली असं म्हणायला हवं, कारण रोज बघत होते. लागलेला पहिल्यांदाच पाहिला. मला वाटायचं मोठा असेल, भगभगीत. छोटासा आहे. एखाद्या आजारी पोराच्या उशाशी ठेवतात तसा.

उठले. बूट घातले. मग 'ती कुठे जातेय' आठवलं. तसंच बूट घालून स्वयंपाकघरात बसले. मग काढले.

पडदा ओढून घेतला.

२१ फेब्रुवारी

सकाळी पडदा उघडला नाही. पण पडद्यातून लाल दिसतं.

फुटपाथवरचा बर्फ काढायला बाहेर पडले तर वॉल्टर त्याच्या फाटकापाशी. "व्हर्ना, डोरीनकडचा दिवा लागलाय. पाहिलास ना?"

"पाहिला."

"मग झालं तर," म्हणाला आणि फावडं उचलून आत गेला.

त्याच्यानंतर सँड्राने गाडीची काच खाली करून तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं. तीही 'मग बरं' म्हणून गेली. साऱ्या रस्त्याला तो दिवा दिसतोय आणि सारा रस्ता निवांत आहे, कारण ते काम व्हर्नाचं. मी खोटं बोललेले नाही. पाहिला का विचारलं, पाहिला म्हटलं.

एकदा वाटलं ग्लेनला फोन करावा. निदान त्याला सांगावं. त्याचा नंबर भिंतीवरच आहे. पण तो म्हणेल, "पाइप बघितलेस का, व्हर्ना?" मग काय सांगू.

दिवसभर भूक नाही. जीव नुसता तिकडे. मला वाटलं होतं, सूड घेतला की मोकळं वाटतं. तसं काही होत नाही. डोरीनचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेले, तर त्या घराचं तळघर येतं, ती पायरी, निळी ज्योत. उद्या सकाळी जाईन. तिच्यासाठी नाही. उद्या उजाडलं की जाईन.

२२ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातला पाइप फुटलाय. भिंतीतलाही. जमिनीवर बर्फाची लादी, कपाटांची दारं तिच्यात रुतलेली – मीच उघडी टाकली होती. श्वासाचा पाइप टणक बर्फाने गच्च भरला होता. फोडला. भट्टी पहिल्याच झटक्यात लागली! बिचारी तयारच होती. ग्लेन येतोय. वॉल्टर बादल्या घेऊन आलाय आणि माझ्याकडे बघत नाही.

बूट घालत होते तेवढ्यात लारिसाचा फोन आला होता. एवढ्या सकाळी कधी करत नाही. हसत होती, तिचं असं हसू मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

"आई, काल कागदांवर सही झाली. आता सांगते. डोरीनमावशीचं घर मी घेतलंय. कॅल्गरी सोडतेय, तुझ्या समोर राहायला येतेय. मावशीवर रागावू नकोस, मीच तिला शपथ घातली होती. तुला आधी कळलं असतं तर माझ्या आधी तुझे पडदे लागले असते!"

मला रडू फुटलं. तिला वाटलं मी आनंदाने रडतेय.

"आणि आई, भट्टी बघतेयस ना?"

मी पडदा बाजूला केला. म्हटलं, बघतेय.